डेटा आम्ही विकत घेतलाय, तो कुठल्या स्क्रीनवर वापरायचा ते आम्हाला ठरवू द्या: अमेरिकेतल्या मोबाईल कंपन्यांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या मोबाईल कंपन्यांच्या कारभाऱ्यांना, मग तुम्ही बास्किंग रिजला (व्हेरायझन) बसत असा, डॅलसला (एटी अँड टी) नाहीतर बेलव्ह्यूला (टी-मोबाईल),

नमस्कार.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, चौदा वर्षं झाली. घरात चार लाईनी, एक फॅमिली प्लॅन, बिल दर महिन्याला ऑटोपेने जातं, आजवर एकदाही उशीर नाही. माझी कंपनी कुठली ते मी लिहीत नाही, कारण हे पत्र एका कंपनीबद्दल नाहीये, थोड्याफार फरकाने प्रकार सगळीकडे तोच आहे. आणि मराठीत का, तर इंग्रजी फॉर्मवर तक्रार दोनदा लिहून झाली आणि दोन्ही वेळा उत्तर म्हणून वरच्या प्लॅनची जाहिरात आली. इथे एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत कितीतरी मराठी घरं तुमची बिलं भरतात, त्यांनी तरी हे वाचावं, आणि आपलीच मुलंमुली तुमच्या ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या, बिलिंगच्या टीममध्ये काम करतात, त्यांच्यातलं कोणीतरी हे मीटिंगमध्ये बोलून दाखवेल अशी मला खरंच आशा आहे.

विषय हॉटस्पॉटचा आहे. म्हणजे माझ्या फोनवरचं इंटरनेट माझ्याच लॅपटॉपला देण्याचा, ज्याला तुमच्या कागदांवर टेदरिंग म्हणतात.

४ ऑगस्ट २०२० ला इसाइयस वादळ आलं ते न्यू जर्सीतल्या कुणाला विसरायला झालेलं नसेल. राज्यात दहा लाखांच्या वर ग्राहकांची वीज गेली होती. आमच्या रस्त्यावर झाड तारांवर पडलं आणि पाच दिवस अंधार. करोनामुळे ऑफिस घरात आलेलं, राउटर बंद, फ्रिज बंद, फोन गाडीत बसून चार्ज करायचे. मी एका छोट्या कंपनीचे अकाउंट्स बघते आणि त्या शुक्रवारी लोकांचे पगार निघायचे होते, म्हणजे पगाराची फाईल मी गुरुवारपर्यंत पाठवली नाही तर तीस-पस्तीस घरांचा पगार अडकणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची घरंही अंधारातच होती. माझ्या प्लॅनमध्ये महिन्याला १५ जीबी हॉटस्पॉट होता. मी आणि नवरा दोघांचे लॅपटॉप त्याच्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला की तुमचा हायस्पीड हॉटस्पॉट संपला, आता स्पीड ६०० केबीपीएस.

६०० केबीपीएस म्हणजे काय ते ज्यांनी कधी भोगलं नाही त्यांच्यासाठी हिशोब करून सांगते. एक जीबी उतरवायला पावणेचार तास. माझी फाईल साठ एमबीची होती, ती कागदोपत्री तेरा-चौदा मिनिटांत यायला हवी, पण ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी, त्या स्पीडला धड टिकतच नव्हतं, दर दोन-तीन मिनिटांनी तुटायचं आणि फाईल पुन्हा पहिल्यापासून. काही प्लॅनमध्ये हा स्पीड १२८ केबीपीएस असतो, तिथे दहा एमबीची साधी पीडीएफ यायलाही दहा मिनिटांच्या वर लागतात.

आता खरी गोष्ट सांगते जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. त्याच वेळी, त्याच फोनवर, माझी लेक मांडीवर बसून व्हिडिओ बघत होती आणि तो अजिबात अडकत नव्हता. एकदम स्वच्छ. कारण फोनच्या स्क्रीनवर माझा डेटा 'अनलिमिटेड' होता. टॉवर तोच, फोन तोच, सिम तेच, पैसे भरणारी मी तीच, फक्त लॅपटॉपने मागितलं की इंटरनेट मरायला टेकलेलं आणि फोनने मागितलं की धावतंय. मग मी काय केलं तर ती फाईल फोनच्या ब्राउझरमध्ये उघडून फोनवर उतरवली, अर्ध्या मिनिटात आली, मग यूएसबी केबल लावून फोनमधून लॅपटॉपवर कॉपी केली, काम केलं, परत केबलने फोनवर टाकली आणि फोनवरून पाठवली. म्हणजे शेवटी तोच डेटा तुमच्या टॉवरवरून माझ्या लॅपटॉपवर आलाच ना? तुमचा एक बाइट वाचला नाही. फक्त माझी रात्र गेली, गाडीच्या मागच्या सीटवर, डोक्याला टॉर्च बांधून.

कस्टमर केअरला चाळीस मिनिटं थांबून फोन लागला. बोलणारी बाई फार सभ्य होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती म्हणाली वरच्या प्लॅनला जा, लाईनमागे दहा डॉलर जास्त, आणि आमच्या ग्रुपमध्ये चारही लाईनी एकत्रच न्याव्या लागतील. म्हणजे महिन्याला चाळीस, वर्षाला चारशे ऐंशी डॉलर. मी तिला विचारलं की नेटवर्कवर गर्दी आहे म्हणून हे बंद केलंय का, तर तिने सरळ सांगितलं की नाही मॅडम, तुमच्या प्लॅनमध्ये तेवढंच आहे. म्हणजे स्पीड होता. द्यायचा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बाबा साताऱ्याहून आले होते. न्यूयॉर्कला जाताना ट्रेनमध्ये मी लॅपटॉप उघडला आणि हॉटस्पॉट जपून वापरायला लागतो असं सहज बोलले, तर त्यांना ते कळेचना. ते म्हणाले, "अगं पण तुझा तर अनलिमिटेड आहे ना?" त्यांच्याकडे तिथे रोज दीड जीबीवाला रिचार्ज असतो, शेजारच्या पोराची ऑनलाईन परीक्षा असली की ते फोन त्याच्याजवळ ठेवतात, हॉटस्पॉट चालू करून. दीड जीबी संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, पण तो सगळ्यालाच येतो, फोनलाही आणि त्या पोराच्या लॅपटॉपलाही. मर्यादा आहे, पण ती डेटावर आहे. मी इथला प्रकार समजावून सांगितला तेव्हा बाबा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे सिलिंडर घ्यायचा आणि दुसऱ्या शेगडीचे पैसे वेगळे द्यायचे." मग लगेच स्वतःच पुढे म्हणाले की हॉटेल चालवत असशील तर निळा सिलिंडर घ्यायला पाहिजे हे मात्र बरोबर आहे. मला वाटतं सगळा वाद बाबांच्या या दोन वाक्यांत बसतो. मी हॉटेल चालवत नाहीये. माझ्या घरातल्या दुसऱ्या शेगडीवर माझ्याच पोरांसाठी दूध तापवतेय.

आता तुम्ही हे करता कसं तेही वाचणाऱ्यांना कळू दे, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कंपनीला आपोआप समजतं. आपोआप नाही समजत, शोधून काढावं लागतं. इंटरनेटवर माहिती छोट्या तुकड्यांत जाते, त्यांना पाकिटं म्हणतात, आणि प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, पाकीट वाटेतल्या प्रत्येक राउटरमधून गेलं की तो एकने कमी होतो. फोनमधून थेट निघालेल्या पाकिटाचा आकडा सहसा ६४ असतो. विंडोज लॅपटॉप १२८ ने सुरू करतो. पण लॅपटॉपचं पाकीट फोनमधून पुढे गेलं की फोन मधला राउटर होतो आणि तुमच्याकडे ६३ किंवा १२७ पोचतो, लगेच कळतं की मागे दुसरं कोणीतरी आहे. शिवाय कित्येक फोनमध्ये हॉटस्पॉटचं बटण दाबलं की फोन आधी कंपनीला विचारतो की या ग्राहकाला परवानगी आहे का, आणि आयफोनमध्ये तर प्लॅनमध्ये नसेल तर कंपनीशी संपर्क साधा असा मेसेज येतो. फोन मी पूर्ण पैसे भरून घेतलेला असला तरीही. मला पर्यायी अ‍ॅप आणि टीटीएल बदलायच्या युक्त्या ऑफिसमधल्या पोरांनी सांगितल्या, मी त्या केल्या नाहीत. ज्याचे पैसे दिलेत ते वापरायला चोरवाट कशाला शोधायची? मला ते समोरच्या दाराने पाहिजे.

ही आजची गोष्ट नाही हेही सांगते, मी याच्यावर खूप वाचलंय त्या वादळानंतर. जून २०१० मध्ये एटी अँड टीने अनलिमिटेड डेटा नव्या ग्राहकांसाठी बंद केला आणि २५ डॉलरला २ जीबी द्यायला सुरुवात केली. टेदरिंग पाहिजे असेल तर वर २० डॉलर. आणि त्या २० डॉलरमध्ये डेटा किती जास्तीचा? शून्य. तेच २ जीबी. म्हणजे माणसाने २ जीबीचे पैसे दिले, ते २ जीबी त्याने लॅपटॉपवर उडवले काय आणि फोनवर उडवले काय, टॉवरवरचा भार तेवढाच, तरी वीस डॉलर फक्त परवानगीचे. पुढे २०११ च्या सुरुवातीला ४५ डॉलरच्या प्लॅनमध्ये आणखी २ जीबी जोडले, पण ते पहिलं वर्ष मी मुद्दाम आठवण करून देते कारण त्यात कुठलाच आडपडदा नव्हता, किंमत फक्त 'वापरू का?' या प्रश्नाची होती.

मग व्हेरायझनचं प्रकरण. २००८ साली ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव झाला, टीव्हीवाल्यांनी सोडलेल्या लहरी, फार मोलाच्या, कारण त्या लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. त्यातल्या सी ब्लॉक नावाच्या तुकड्याला एफसीसीने, म्हणजे अमेरिकेतल्या दूरसंचार नियामक संस्थेने, अट घातली होती की जो कोणी हा घेईल त्याने ग्राहकाला आपल्या पसंतीचं यंत्र आणि आपल्या पसंतीचं अ‍ॅप वापरण्यापासून अडवायचं नाही. राखीव किंमत साधारण ४६४ कोटी डॉलर, तेवढी बोली आली नसती तर अट निघून गेली असती. ती आली, व्हेरायझनने साधारण ४७४ कोटी डॉलरला तो ब्लॉक घेतला, अट माहीत असून घेतला, आणि त्याच लहरींवर आपलं फोरजी उभं केलं. त्यानंतर काय झालं तर अँड्रॉइडच्या बाजारात फुकट टेदरिंग करून देणारी ११ अ‍ॅप होती, ती व्हेरायझनच्या ग्राहकांना दिसू नयेत असं गूगलला सांगितलं गेलं. फ्री प्रेस नावाच्या संस्थेने २०११ मध्ये एफसीसीकडे तक्रार केली. ३१ जुलै २०१२ ला तडजोड झाली, व्हेरायझनने साडेबारा लाख डॉलर सरकारी तिजोरीत भरले आणि ठरलं की जे ग्राहक जीबीच्या हिशोबाने पैसे देतात त्यांच्याकडून टेदरिंगचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत.

मला हा निकाल वाचून त्या दिवशी खूप बरं वाटलं होतं, कारण तो साधा आहे, कुणालाही पटेल असा. मोजून घेतलं, मोजून पैसे दिले, आता विषय संपला. पण त्यात एक फट राहिली. अनलिमिटेड प्लॅनवाल्यांकडून वेगळे पैसे घ्यायला मोकळीक राहिली, कारण तुमचं म्हणणं होतं की अनलिमिटेडची किंमत फोनचा वापर धरून ठरवलीय. तेव्हा अनलिमिटेडवाले जुने, उरलेसुरले होते, म्हणून कुणाला ती फट मोठी वाटली नाही. आणि मग २०१६-१७ मध्ये तुम्ही सगळेच परत अनलिमिटेडवर आलात! टी-मोबाईलने २०१६ च्या ऑगस्टमध्ये सत्तर डॉलरचा अनलिमिटेड प्लॅन जाहीर केला तेव्हा हॉटस्पॉटला आधी टूजीचा स्पीड, म्हणजे १२८ केबीपीएस ठेवला होता, लोक ओरडल्यावर तो ५१२ केला. व्हेरायझनने फेब्रुवारी २०१७ मध्ये अनलिमिटेड परत आणला, हॉटस्पॉट १० जीबीपर्यंत आणि पुढे ६००. म्हणजे २०१२ मध्ये जी फट होती तिचा पाच वर्षांत हमरस्ता झाला, देशातले बहुतेक लोक त्या रस्त्यावर आले, आणि मोजून घेणाऱ्यासाठी मिळवलेला हक्क कागदावर राहिला कारण मोजून घेणारंच फारसं कोणी उरलं नाही.

म्हणूनच मला 'अनलिमिटेड' या शब्दाचा त्रास होतो. एटी अँड टीवर फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये याच शब्दावरून खटला भरला होता, की अनलिमिटेड म्हणून विकलं आणि ठरावीक वापरानंतर स्पीड मुंडी मुरगाळल्यासारखा कमी केला, ३५ लाखांवर ग्राहकांचा. २०१९ मध्ये सहा कोटी डॉलरवर तो मिटला. शब्द मात्र आजही सगळ्यांच्या दुकानांवर तसाच आहे आणि खाली बारीक अक्षरांत हॉटस्पॉटची ओळ.

तुमची बाजू मी समजून घेतलेली नाही असं नका समजू. हवेतल्या लहरी मर्यादित आहेत, एका टॉवरखाली शंभर जण असतील तर ते वाटूनच घ्यायला लागतं, आणि लॅपटॉपवाला माणूस फोनवाल्यापेक्षा सरासरीने जास्त ओढतो हेही खरं असेल. २०१५ च्या ऑगस्टमध्ये टी-मोबाईलचे तेव्हाचे प्रमुख जॉन लेजीर यांनी ग्राहकांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की काही लोक हॉटस्पॉट लपवून महिन्याला दोन-दोन टेराबाइट, म्हणजे दोन-दोन हजार जीबी, डेटा ओढतात, हे चोरणं आहे आणि आम्ही त्यांच्या मागे लागणार. किती लोक होते? साधारण तीन हजार. कोट्यवधींमधले तीन हजार, त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. त्यांना आवरा ना, कोण नाही म्हणतंय, दोन टेराबाइट हा एका टॉवरखालच्या शेजाऱ्यांवर अन्यायच आहे, बाबांच्या भाषेत ते हॉटेलच झालं. पण त्या तीन हजारांचं औषध उरलेल्या सगळ्यांना कशाला?

आणि गर्दीचंच म्हणाल तर गर्दी महिन्याच्या जीबीत मोजता येत नाही. गर्दी असते ती एका टॉवरला, एका वेळेला. रात्री दोन वाजता मी वीस जीबी हॉटस्पॉटवर ओढले तर माझ्या टॉवरखाली कुणाची झोप मोडत नाही, आणि संध्याकाळी सहा वाजता न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला हजारो माणसं फोनवर व्हिडिओ बघतात तेव्हा एकही लॅपटॉप नसताना नेटवर्क गुदमरतं. गर्दीच्या वेळी कोणाला आधी आणि कोणाला मागे ठेवायचं याची सोय तुमच्या नेटवर्कमध्ये आहेच, तुम्ही ती वापरताही, जास्त वापर झालेल्या ग्राहकाला गर्दी असेल तेवढ्या वेळापुरतं मागे टाकता. ते मला मान्य आहे. माझा वापर जास्त झाला असेल तर मला मागे टाका, रांगेत उभी राहीन. पण रांगेत माझा फोन पुढे आणि माझाच लॅपटॉप शेवटी, तोही रात्री दोन वाजता रिकाम्या टॉवरवर, याला नेटवर्कचं कारण देऊ नका.

याचा पुरावा तुम्हीच दिलाय. मार्च २०२० मध्ये सगळं जग घरात बसलं तेव्हा व्हेरायझनने ग्राहकांना १५ जीबी जास्तीचा डेटा हॉटस्पॉटवरही चालेल असा दिला, टी-मोबाईलने २० जीबीचा जास्तीचा हॉटस्पॉट दिला, एटी अँड टीनेही दिला. चांगलं केलंत, मनापासून सांगते, त्या महिन्यांत कितीतरी शाळकरी मुलांचं वर्ष त्याच्यावर निभावलं. आणि नेटवर्क कोसळलं का? नाही. मग मुदत संपली, आमच्याकडे वादळ आलं, आणि जी गोष्ट एप्रिलमध्ये शक्य होती ती ऑगस्टमध्ये वर्षाला चारशे ऐंशी डॉलरची झाली.

कुणाला वाटेल की ही ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडणाऱ्या बाईची तक्रार आहे. माझं निभावतं हो. पण या देशात साधारण १५ टक्के मोठी माणसं अशी आहेत ज्यांच्याकडे घरचं ब्रॉडबँड नाहीच, फक्त स्मार्टफोन आहे, प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या पाहण्यांमध्ये हा आकडा वर्षानुवर्षं त्याच आसपास येतोय. गरीब घरांना सरकारकडून महिन्याला ३० डॉलर इंटरनेटसाठी मिळायचे, २ कोटी ३० लाखांवर घरं त्या योजनेत होती, ती १ जून २०२४ ला पैसे संपले म्हणून बंद झाली. त्या घरातल्या मुलाला शाळेने क्रोमबुक, म्हणजे साधा लॅपटॉप, दिलेलं असतं. इंटरनेट आईच्या फोनमध्ये असतं. या दोन्हीच्या मध्ये फक्त हॉटस्पॉटचं बटण आहे, आणि जितका प्लॅन स्वस्त तितकं ते बटण मेलेलं. ज्यांना हॉटस्पॉटची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच प्लॅनमध्ये तो सगळ्यात कमी किंवा सगळ्यात हळू, आणि ज्याच्या घरात फायबर आहे त्याच्या महागड्या प्लॅनमध्ये भरपूर, जो तो महिनाभर वापरतही नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात सलिनासला दोन लहान मुली टाको बेल या खाण्याच्या दुकानाबाहेर फूटपाथवर लॅपटॉप घेऊन बसल्याचा फोटो सगळ्यांनी बघितला होता, दुकानाचं वायफाय मिळतं म्हणून. तो फोटो मी अजून विसरले नाही.

आपल्याकडची शिकायला आलेली मुलंही याच्यात भरडतात. चार-पाच जण मिळून एक फॅमिली प्लॅन घेतात, एकाच्या नावावर, लाईन स्वस्त पडते म्हणून, आणि नव्या अपार्टमेंटमध्ये वायफायवाला येईपर्यंत आठवडा-दहा दिवस सगळ्यांची असाइनमेंट एकाच्या हॉटस्पॉटवर. ज्या आठवड्यात बँक खातं, सोशल सिक्युरिटी, कॉलेजचे फॉर्म सगळं ऑनलाईन भरायचं असतं नेमक्या त्याच आठवड्यात ते ६०० केबीपीएसवर बसलेले असतात.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. २०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनो कॉम्प्लेक्सची आग लागली, तेव्हाच्या नोंदीतली राज्यातली सगळ्यात मोठी. सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक गाडी होती जी आगीच्या जागी समन्वयाचं काम करायची, तिच्यातल्या व्हेरायझनच्या 'अनलिमिटेड' कनेक्शनचा स्पीड मर्यादा ओलांडली म्हणून जवळपास दोनशेपट कमी झाला. आग चालू असताना. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की वरचा प्लॅन घ्या. दलाच्या प्रमुखांनी हे सगळं नंतर कोर्टात लेखी दिलंय, आणि त्यात असंही आहे की मध्ये त्यांच्या लोकांनी दुसऱ्या यंत्रणांचं कनेक्शन आणि स्वतःचे खासगी फोन वापरून काम भागवलं. कंपनीने पुढे चूक मान्य केली, ग्राहक सेवेतली चूक म्हणून. मला आलेलं उत्तर आणि त्यांना आलेलं उत्तर शब्दाला शब्द एकच आहे बघा. माझ्याकडे लोकांचे पगार अडकायची वेळ आली होती, त्यांची आग पेटलेली होती.

हा वाद तारेच्या फोनवर एकदा सुटलेला आहे हे तुमच्या वकिलांना माहीत असेल, पण वाचणाऱ्यांना सांगते कारण मला ही गोष्ट फार आवडते. टेक्ससमध्ये थॉमस कार्टर नावाच्या माणसाने एक यंत्र केलं होतं, कार्टरफोन, शेतावर नाहीतर तेलाच्या विहिरीवर असलेल्या माणसाच्या वायरलेसला घरच्या टेलिफोनशी जोडून द्यायचं. साधारण साडेतीन हजार विकली गेली. तेव्हाची एटी अँड टी म्हणायची की आमच्या लाईनला आमच्याशिवाय कुणाचं यंत्र लावायचं नाही, नेटवर्क बिघडेल. त्याच्या आधी तर रिसीव्हरच्या तोंडाला लावायच्या एका साध्या वाटीसारख्या वस्तूवरूनही, हश-अ-फोनवरून, त्या कंपनीने ग्राहकांना अडवलं होतं आणि १९५६ मध्ये कोर्टाचा निकाल तिच्या विरोधात गेला होता. १९६८ मध्ये एफसीसीने कार्टरच्या बाजूने निकाल दिला, की नेटवर्कला इजा होत नसेल तर ग्राहकाने त्याला काय जोडायचं हे कंपनी ठरवणार नाही. त्या एका निकालामुळे पुढे आन्सरिंग मशीन आली, फॅक्स आले, मोडेम आले, आणि मोडेम आले म्हणून घराघरात इंटरनेट आलं, ज्याच्यावर आज तुमचा धंदा उभा आहे. कार्टरचं यंत्र काय करत होतं? एका जागचं कनेक्शन दुसऱ्या यंत्राला देत होतं. हॉटस्पॉट दुसरं काय करतो?

नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या वापराला सारखीच वागणूक द्यावी असे, नियम २०१५ मध्ये आले, २०१७ मध्ये गेले, २०२४ मध्ये परत आणले आणि २ जानेवारी २०२५ ला कोर्टाने रद्द केले, तेव्हा वॉशिंग्टनकडून मला सध्या फार अपेक्षा नाही. म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. तुम्हाला हे करायला कुठल्याही कायद्याची गरज नाही, एका मीटिंगची आहे.

माझं मागणं असं आहे. अनलिमिटेडमध्ये जो आकडा ठरवायचा तो एकच ठरवा, पन्नास जीबी असेल तर पन्नास, शंभर असेल तर शंभर, फोन आणि हॉटस्पॉट मिळून, आणि तो आकडा 'अनलिमिटेड' या शब्दाएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा. त्याच्या पुढे गर्दी असेल तेव्हा मागे टाका, गर्दी नसेल तेव्हा अडवू नका. हॉटस्पॉट संपल्यावरचा स्पीड ठेवायचाच असेल तर निदान असा ठेवा की त्याच्यावर मुलाची शाळा आणि एखादा व्हिडिओ कॉल चालेल, १२८ आणि ६०० हे आकडे आजच्या वेबसाईटना पुरत नाहीत हे तुमच्या इंजिनिअरना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्येही हॉटस्पॉटचं बटण जिवंत ठेवा. माझ्या पाकिटांवरचे आकडे बघून मागे कुठलं यंत्र आहे ते शोधणं थांबवा, जो दोन टेराबाइट ओढतो तो त्याच्या एकूण वापरावरूनच दिसतो. आणि राज्याने आणीबाणी जाहीर केली, वादळ, आग, पूर काहीही, की त्या भागातल्या सगळ्या लाईनींची हॉटस्पॉटची मर्यादा आपोआप उठू दे, कुणाला चाळीस मिनिटं फोनवर थांबायला लावू नका कारण तेव्हा त्याच्या बॅटरीत तेवढी मिनिटंच नसतात.

या सप्टेंबरमध्ये माझी मोठी लेक कॉलेजला हॉस्टेलवर जातेय. तिच्यासाठी नवा लॅपटॉप घेतलाय, प्लॅन कुठला घ्यायचा ते अजून ठरवलं नाही. तीन कंपन्यांचे तक्ते समोर ठेवून बसले आहे आणि तिन्हींमध्ये हॉटस्पॉटची ओळ शोधायला मला चष्मा लागतो. जी कंपनी मला लेखी सांगेल की तिच्या फोनमधला डेटा तिच्या लॅपटॉपवरही त्याच स्पीडने, त्याच मोजमापाने चालेल, तिच्याकडे आमच्या पाचही लाईनी जातील. तक्ता पाठवू नका, तो आहे माझ्याकडे. हो किंवा नाही एवढंच कळवा.

आपली,
चार लाईनींची, लवकरच पाच लाईनींची एक ग्राहक
एडिसन, न्यू जर्सी